पीएचडी करता करता माणसं सांभाळायला कुठे शिकायचं? (बडोदा)

सुरसागर_किनारी · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष चालू आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या जुलैपासून लॅबमध्ये सगळ्यात सीनियर मीच. माझ्या आधीच्या दोघी सबमिट करून गेल्या. एमएस्सीचे डिझर्टेशनवाले चार जण, एक नवीन जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), ऑटोक्लेव्हच्या (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) पाळ्या, ऑर्डरी, उणे ऐंशीचा फ्रीझर, सगळं माझ्या अंगावर आलं. गाइडनी एका वाक्यात सोपवलं, "आता तू बघ." काय बघायचं, कसं बघायचं, ते कोणी सांगितलं नाही. पीसीआर कसा लावायचा हे मला तीन माणसांनी शिकवलं. चार माणसांना कामाला कसं लावायचं हे एकानंही नाही.

फेब्रुवारीतली एक गोष्ट मनातून जात नाही. दाहोदकडची एक मुलगी आहे, शांत, मेहनती. तिनं पहिल्यांदाच जंतू वाढवायच्या चाळीस आगर प्लेट्स ओतल्या. काही जाड, काही पातळ, बऱ्याच प्लेट्समध्ये आगर एका बाजूला उतरलेलं, बुडबुडे. मी बघून म्हटलं, "छान झाल्यात." रात्री ती गेल्यावर सगळ्या पिवळ्या पिशवीत टाकल्या आणि नव्या चाळीस मीच ओतल्या. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे माझ्या प्लेट्स दिल्या, काही न बोलता. दुपारी ती कचरा टाकायला गेली आणि पिशवीत तिला तिचंच अक्षर दिसलं. प्रत्येक झाकणाच्या कडेला तिनं तारीख आणि माध्यमाचं नाव बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं. ती पिशवी तशीच धरून दोन मिनिटं उभी होती. मी पाहिलं, आणि तेव्हाही मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. पाणी मोजायच्या आधीसुद्धा "दीदी, आ बरोबर छे?"

हे मला बदलायचं आहे. त्यासाठी एखादा कोर्स करावा, की हे करूनच शिकायचं असतं? तुमच्यापैकी कोणी शिकलं असेल तर कसं शिकलात ते सांगा.

---

पाळी_बदल · मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, मी नंदेसरीकडच्या एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. एमटेक करून लागलो तेव्हा हाताखाली अकरा ऑपरेटर आले. त्यातले सात माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यामुळे तुझी अवस्था मला नीट समजते.

आधी स्पष्ट बोलतो. त्या दिवशी तुझं चुकलं ते प्लेट्स टाकण्यात नाही, "छान" म्हणण्यात. खराब माल टाकावाच लागतो. पण तो का टाकला हे ज्यानं बनवला त्याला समजलं पाहिजे, आणि शक्य असेल तर टाकणारा हात त्याचाच असावा. तिला बेंचवर उभं करून एक तिरपी प्लेट उजेडात धरायला दिली असतीस, "हिच्यात काय दिसतंय?" एवढंच विचारलं असतंस, तर तिनं स्वतःच सांगितलं असतं.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. मी त्यांना सूचना दिली की ते लगेच तीच सूचना त्यांच्या शब्दांत मला परत ऐकवायचे. सुरुवातीला मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतायत. महिन्याभरानं लक्षात आलं की दर चार सूचनांमागे एखादी मी अर्धवट दिलेली असायची. तेव्हापासून नियम केला: सांगून झालं की समोरच्याकडून परत ऐकायचं. "समजलं ना?" असं विचारलं की कोणीही "हो"च म्हणतं. "आता तू काय करणार ते सांग" म्हटलं की खरं काय ते बाहेर येतं.

पाळी बदलताना हे किती महत्त्वाचं असतं याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे पायपर अल्फा. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, जुलै १९८८. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ती गोष्ट पुढच्या पाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हाच चालू केला. १६७ माणसं गेली. ते सगळे आपापल्या कामात तरबेज होते. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे गेली नाही, बस.

तुमच्या लॅबमध्ये संध्याकाळी जाणारा सकाळी येणाऱ्यासाठी काही लिहून ठेवतो का? नसेल तर कोर्सच्या आधी शंभर पानी वही घे.

---

आधी_थिसिस · मंगळवार, दुपारी १:०५

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नकोस.

माझी पीएचडी सहा वर्षं सात महिने चालली. त्यातली दीड वर्षं मी लॅब "सांभाळली". केमिकलची यादी मी करायची, एसी बिघडला तर फोन मी करायचा, पाहुणे आले की चहाचं मी बघायचं, नवीन मुलांना शिकवायचं मीच. माझ्याबरोबरच्या दोन मुलांनी त्या काळात दोन-दोन पेपर काढले. कोणी त्यांना कधी म्हटलं नाही की तुमच्यात नेतृत्वगुण विकसित करा. मला मात्र दर महिन्याला म्हणायचे, "तुझ्यात किती छान मॅनेजमेंट स्किल आहे!"

लॅबमधलं घरकाम मुलींच्या वाट्याला येतं आणि त्याला गोंडस नाव मिळतं. तुझ्या हातात वेळ मोजका आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून दोन वाढतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन मिळतात. पण ती सवलत आहे, ध्येय नाही.

थिसिस आधी. माणसं सांभाळायला पुढे आयुष्य पडलंय.

---

सुरसागर_किनारी · मंगळवार, रात्री १०:२०

@पाळी_बदल, दादा, "छान म्हणण्यात चुकलं" हे वाचून दिवसभर तेच डोक्यात होतं. खरं आहे. मला तिला दुखवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तो संवाद टाळायचाही होता. वही आजच आणली, मांडवीतून.

@आधी_थिसिस, ताई, राग कशाला मानू? तुझं वाचताना माझीच डायरी वाचतेय असं वाटलं. आमच्याकडेही चहाचं मीच बघते. पण एक सांगू? मी लॅब नीट लावली नाही तर माझेच प्रयोग अडतात. गेल्या महिन्यात चार दिवस माझ्याकडे अगारोज (जेल करायची पावडर) नव्हतं, कारण कोणी संपवलं ते कोणाला माहीत नव्हतं. मला दोन्ही हवंय, आणि त्यात माझा जीव निघतोय.

---

निवृत्त_मास्तर · बुधवार, सकाळी ६:३०

पस्तीस वर्षं शिकवलं, वीसेक विद्यार्थ्यांना पीएचडीपर्यंत पोचवलं. गाइड म्हणून मीही कित्येकदा "आता तू बघ" म्हटलेलं आहे. त्याबद्दल आज वाईट वाटतं. आम्हालाही कोणी शिकवलं नव्हतं, पण ते कारण पुरेसं नाही.

आधी नियमाचं बोलू, कारण तो मुलांना माहीत नसतो. त्याच २०२२ च्या नियमांत असं आहे की शोधविद्यार्थ्याला शिकवण्याचं आणि लेखनाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि त्याला ट्यूटोरियल, प्रयोगशाळेचं काम, मूल्यमापन यासाठी आठवड्याला चार ते सहा तास देता येतील. हा आकडा लक्षात ठेव. तू महिनाभर प्रामाणिकपणे तास लिही. एमएस्सीच्या मुलांवर आणि लॅबच्या कारभारावर आठवड्याचे पंधरा-अठरा तास जात असतील तर ते कागदावर घेऊन गाइडकडे जा. तक्रार म्हणून जाऊ नकोस. "सर, एवढा वेळ जातोय, यातलं मी काय करू आणि काय दुसऱ्याला देऊ?" असं विचार. दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तिथेही हे काम एका ओळीत लिही. लिहिलेलं नसेल तर ते झालंच नाही असं धरतात.

दुसरी गोष्ट आपल्या गावातली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं हे सगळ्यांना माहीत असतं. ते चाललं कसं, हे फार थोड्यांना माहीत असतं. गावानं वर्गणी जमवली की तेवढीच भर प्रांत पंचायत घालायची आणि तेवढीच सरकार. म्हणजे तिसरा हिस्सा गावाचा. खजिन्यात पैसे नव्हते असं नाही. पण ज्या वाचनालयात आपले चार आणे गेलेत त्याचं कुलूप कोणी मोडलं तर गाव स्वतः धावतं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. पेटी गावात गेली की तिची जबाबदारी तिथल्या माणसाची. बडोद्याहून रोज कोणी बघायला जात नसे.

तुझ्या चार मुलांचे "चार आणे" त्या लॅबमध्ये कुठे आहेत? मला वाटतं कुठेच नाहीत. सगळं तुझ्या मालकीचं आहे आणि ते पाहुणे आहेत. त्यांना कामं वाटून देऊ नकोस, एकेक गोष्ट पूर्ण सोपव. ऑटोक्लेव्ह एकाचा: पाळ्या, नोंदवही, मेकॅनिकला बोलावणं, सगळं त्याचं. चुकेल. चुकू दे.

---

चौथं_सेम · बुधवार, दुपारी ३:५०

मी एमएस्सीला आहे, म्हणजे या धाग्यातल्या "हाताखालच्यां"पैकी. आमची बाजू कोणीतरी लिहावी म्हणून लिहितो.

आमच्या सीनियर दीदी फार हुशार आहेत. पण त्या कधी चुकत नाहीत, किंवा चुकलेलं आम्हाला दिसत नाही. त्यामुळे आमचं काही बिघडलं की आम्ही लपवतो. मागच्या महिन्यात मी एका एंझाइमची नळी रात्रभर बाहेर विसरलो. सकाळी गुपचूप परत फ्रीझरमध्ये ठेवली. दोन आठवडे सगळ्यांचे डायजेशन (त्या एंझाइमनं डीएनए कापायचे प्रयोग) फसत होते आणि सगळे डीएनएला दोष देत होते. मला माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही.

ताई, तुम्ही तिच्याशी बोललात का अजून? मी तिच्या जागी असतो तर मला समजावणी नको असती. तुमच्या हातून पहिल्यांदा प्लेट्स कशा झाल्या होत्या ते ऐकायला आवडलं असतं.

(आणि ती नळी मी आज टाकून दिली आणि दीदींना सांगितलं. हा धागा वाचून.)

---

ओहायोहून · गुरुवार, पहाटे ४:१०

@चौथं_सेम, तुझी पोस्ट वाचून इथे हातातलं काम बाजूला ठेवलं. तू सांगितलंस ते फार मोठं आहे.

मी मूळची बडोद्यातल्या फतेगंजची, आता पोस्टडॉक. तू जे लिहिलंस त्यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या. अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील. निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण शोधल्यावर समजलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. यावरून पुढे त्यांनी १९९९ मध्ये "सायकॉलॉजिकल सेफ्टी"वरचा शोधनिबंध लिहिला. चूक सांगितली तर आपला पाणउतारा होणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांचा विश्वास, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या इथल्या ग्रुपमध्ये सोमवारच्या मीटिंगची सुरुवातच "या आठवड्यात काय फसलं" यानं होते, आणि पहिली पाळी प्रोफेसरची. सीनियरनं आधी बोलायचं, हे त्यातलं खरं कौशल्य. ज्युनियरला आधी उभं केलं तर ती उलटतपासणी होते.

सुरसागर, कोर्सचं विचारलं होतंस. कोर्स करायला हरकत नाही, पण तुझ्याकडे चार माणसं आणि एक फ्रीझर आहे, एवढी चांगली शाळा पुन्हा मिळत नाही.

@आधी_थिसिस यांचा मुद्दा मात्र सोडू नकोस. या कामाची नोंद कुठे होते ते बघ. आता बऱ्याच जर्नल्समध्ये लेखकांचं योगदान क्रेडिट नावाच्या पद्धतीनं लिहितात. त्यात चौदा भूमिका आहेत. "सुपरव्हिजन" आणि "प्रोजेक्ट ॲडमिनिस्ट्रेशन" या दोन वेगळ्या भूमिका आहेत. तू एमएस्सीच्या मुलीला शिकवून घेतलेला डेटा पेपरात जाणार असेल तर पेपर लिहायच्या आधी बोलणं करून ठेव: तिचं नाव कुठे, तुझ्या नावापुढे कोणत्या भूमिका. नंतर हे बोलणं फार कडू होतं. मी अनुभवलंय, एवढंच लिहिते.

---

दांडियाबाजार_मंडळ · गुरुवार, रात्री ९:००

मी पीएचडी नाही, एमकॉम करतोय, पण गणपती मंडळाचं काम सात वर्षं बघतोय म्हणून लिहायची हिंमत करतो.

मंडळात पगार नाही, त्यामुळे हुकूम चालत नाही. ज्याला यायचं तो येतो. तिथे मी जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नाही.

२०२४ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. जन्माष्टमीला पाऊस सुरू होता तो थांबेचना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी पंचवीस फूट, पाणी पस्तीसच्याही वर गेलं. पाणी ओसरलं तेव्हा गणपतीला जेमतेम आठवडा उरला होता. मंडपाचं सामान ज्या गोदामात होतं तिथे कमरेएवढा चिखल. मी पहिल्या दिवशी काय केलं, तर ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी सकाळी आठला या." तीस जण आले. फावडी नऊ. एकवीस जण उभे राहून फोटो काढत होते, दुपारी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या आत्यानं सांगितलं, "सगळ्यांना बोलावलं म्हणजे कोणालाच बोलावलं नाहीस." मग एकेकाला फोन केला. तुझ्याकडे अमक्या आजोबांचं घर, तिघं घे, पाइप अमक्याकडून आण, अकरापर्यंत मला कळव. त्या दिवशी फक्त चौदा जण आले आणि सहा घरं धुऊन झाली. मूर्ती त्या वर्षी लहान आणली. कोणी नाराज झालं नाही.

म्हणून सांगतो, ताई, लॅबच्या ग्रुपवर "प्लीज सगळ्यांनी ग्लासवेअर धुवा" असे मेसेज टाकत असाल तर ते बंद करा. नाव, काम आणि वेळ, तीन गोष्टी एका वाक्यात.

---

सुरसागर_किनारी · गुरुवार, रात्री ११:१५

@दांडियाबाजार_मंडळ, असे मेसेज मी टाकते. आजही टाकला.

तुम्ही पुराचं काढलंत म्हणून सांगते. त्या पुरात आमच्या लॅबची तीन वर्षांची स्ट्रेन कलेक्शन (गोठवून ठेवलेले जिवाणूंचे वाण) जाता जाता वाचली, आणि सगळी वाचली नाही. लाइट गेले. भरलेला फ्रीझर दार न उघडता काही तास थंडी धरून ठेवतो, पण ते तास संपत आले होते. जनरेटरवर असलेला एक लहान फ्रीझर वरच्या मजल्यावर होता, त्यात जेमतेम आठ खोके मावणार. आमच्याकडे खोके बेचाळीस. कोणत्या आठांत काय आहे? यादी एका सीनियरच्या लॅपटॉपमध्ये, आणि ती सीनियर समा भागात, घराच्या गच्चीवर, फोन बंद. आम्ही दोघींनी टॉर्चच्या उजेडात, हातमोज्यांवर बर्फ घेऊन, झाकणांवरची पुसट अक्षरं वाचून अंदाजानं आठ खोके उचलले. त्यातले तीन रिकाम्या नळ्यांचे निघाले.

ती सीनियर अतिशय काटेकोर होती. तिची यादी आजही मी पाहिलेल्या याद्यांमध्ये सगळ्यात सुंदर आहे. फक्त ती तिच्याजवळ होती. आता तीच यादी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि हे मला आज, हा धागा लिहिताना, पहिल्यांदा दिसलं.

---

पाळी_बदल · शुक्रवार, सकाळी ७:०५

मग आज दुपारी प्रिंट काढ आणि फ्रीझरच्या दाराला लाव. प्लॅस्टिकच्या पाकिटात. आणि महत्त्वाच्या स्ट्रेनची दुसरी नळी दुसऱ्या इमारतीत.

---

इतिहासवाली · शुक्रवार, दुपारी १२:३०

आम्हाला लॅब नाही, फ्रीझर नाही. इतिहासात पीएचडी करणाऱ्याचं आयुष्य एका टेबलावर. तरी हा धागा मला सोडवेना.

मास्तरांनी सयाजीरावांचं उदाहरण दिलं, त्याला जोडून याच गावातली दुसरी बाजू मांडते, कारण तीही शिकण्यासारखी आहे. महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फाइली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ते कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले, आणि गाव सोडून गेले.

वरच्या माणसाचा हेतू चांगला होता. नेमणूक झाली होती. पण त्या नेमलेल्या माणसाला रोज ज्या खोलीत बसायचं होतं, ती खोली कोणी बदलली नव्हती. मला नेतृत्वाबद्दल विचारलं तर मी इथून सुरुवात करते. आपल्या टेबलाशी कोण बसतं, कोणाला भांडं वेगळं, कोणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं, कोणत्या भाषेत विनोद होतात. हे बघणं सीनियरचं काम आहे, आणि ते वर बसलेल्या माणसाला दिसत नाही.

सुरसागर, ती दाहोदची मुलगी गुजराती माध्यमातली आहे का? तुमच्या मीटिंग कोणत्या भाषेत होतात? आणि तुम्ही मराठी बोलणाऱ्या दोघी-तिघी असाल तर बेंचवर कोणती भाषा चालते? टोचावं म्हणून विचारत नाही. आमच्या वाचनगटात मी दोन वर्षं मराठीत कुजबुजत होते, एक दिवस एका मैत्रिणीनं सांगितलं की तिला प्रत्येक वेळी वाटायचं आपल्याबद्दलच बोलतायत.

---

सुरसागर_किनारी · तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४५

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला.

@इतिहासवाली, तू विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुला वाटली तीच आहेत. गुजराती माध्यम, इंग्रजी मीटिंग, आणि बेंचवर मी आणि नवीन जेआरएफ सर्रास मराठीत.

मी तिच्याशी बोलले. चहाला नेलं नाही, वेगळं बसवलं नाही. प्लेट्स ओतायच्या दिवशी तिच्या शेजारी उभी राहिले आणि गुजरातीत सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले, तुझ्या प्लेट्स मी टाकल्या, आणि तुला न सांगता टाकल्या ही माझी चूक. ती बराच वेळ फ्लास्क फिरवत राहिली. मग म्हणाली, "मने खबर छे, दीदी. में जोयुं हतुं." (मला माहीत आहे, मी पाहिलं होतं.) मी तिला माझ्या पहिल्या वर्षाचं सांगितलं: आगर एवढं गरम ओतलं होतं की सगळी झाकणं आतून घामेजली आणि आठवडाभरात बुरशी. मग दोघींनी मिळून ओतल्या. फ्लास्कचा बूड हाताला सोसवेल इतपत गार झाला की ओतायचं, टेबल आधी पातळीत आहे का ते पाण्याच्या प्लेटनं बघायचं. निघालं काय, तर तो कोपऱ्यातला बेंचच एका बाजूला उतरलेला होता. आगर तिरपं जमत होतं ते तिच्या हातामुळे नाही. तीन वर्षं मी त्या बेंचवर प्लेट्स ओतलेल्या नाहीत म्हणून मला माहीत नव्हतं. नवीन मुलांना तोच कोपरा मिळतो.

बेंचच्या पायाखाली आता लाकडाची चकती आहे.

@निवृत्त_मास्तर, सर, तास लिहिले. आठवड्याला सरासरी सतरा निघाले. गाइडकडे कागद घेऊन गेले. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "मला वाटत होतं तुला आवडतं." ऑर्डरींचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. बाकीचं पाच जणांत सोपवलं: ऑटोक्लेव्ह एकाकडे, फ्रीझर त्या दाहोदच्या मुलीकडे, माध्यमं आणि केमिकल्सचा साठा, जेल आणि बफर, कल्चर. ऑटोक्लेव्हवाल्यानं पहिल्याच आठवड्यात पाणी न भरता चालू केला. अलार्म वाजला, काही बिघडलं नाही. त्यानं स्वतः मीटिंगमध्ये सांगितलं. त्याआधी मी माझं सांगितलं होतं, की प्रायमर (पीसीआरला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) उलटा मागवला आणि अडीच आठवडे गेले. सोमवारची मीटिंग आता ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, स्लाइड इंग्रजी.

@आधी_थिसिस, ताई, चहा आता पाळीनं. पाळीत गाइड पण आहेत.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. नवीन जेआरएफला वाटतं मी एमएस्सीच्या मुलांना फार डोक्यावर चढवते. त्याच्याशी मी अजून नीट बोललेले नाही. परवा वहीत त्यानं काहीच लिहिलं नव्हतं आणि एक इन्क्युबेटर रात्रभर बेचाळीसवर राहिला. माझा थिसिसचा दुसरा चॅप्टर अजून अकरा पानांवर अडला आहे.

गेल्या शुक्रवारी आई आजारी म्हणून चार दिवस घरी होते. फोन दोनदाच आला. परत आले तर फ्रीझरच्या दारावरची यादी बदललेली होती, तेच बारीक रेखीव अक्षर.

---

चौथं_सेम · रविवार, रात्री ८:१०

ताई, त्या यादीचे रकाने टाका ना. आम्हाला पण लावायची आहे.

---

सुरसागर_किनारी · रविवार, रात्री ८:३२

टाकते. पाच आहेत: कप्पा आणि खोक्याचा नंबर, आत काय, कोणाचं, दुसरी नळी कुठे आहे. पाचवा रकाना तिनं स्वतः वाढवला आहे, "लाइट गेल्यास कितवा उचलायचा".